मेरिल्स मरॉडर्स: मुंबईत उतरून ब्रह्मदेशच्या जंगलात गेलेल्या अमेरिकी पलटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं. ब्रिटिशांच्या जुन्या बराकी रोज बघायचो. १९४३ च्या दिवाळीच्या सुमारास इथे जवळजवळ तीन हजार अमेरिकी शिपाई मुक्कामाला होते, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यांची पलटण संपलेली होती, हे मात्र मला चाळिशीत कळलं. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो आहे. त्यांच्याविषयी बोलायला लागलो की लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे मरॉडर्स नेमके कोण?

दुसऱ्या महायुद्धात आशिया खंडाच्या भूमीवर लढलेली अमेरिकेची पहिली पायदळ तुकडी. कागदोपत्री नाव होतं '५३०७ वी संमिश्र तुकडी (तात्पुरती)', आणि योजनेचं गुप्त नाव 'गॅलहॅड'. शत्रूच्या मागे खोल शिरायचं, त्याची रसद तोडायची, रस्ता अडवून धरायचा, हे त्यांचं काम. पुढे ब्रिगेडियर जनरल फ्रँक मेरिल यांच्याकडे नेतृत्व आलं आणि एका अमेरिकी वार्ताहराने 'मेरिल्स मरॉडर्स', म्हणजे मेरिलचे लुटारू, असं नाव दिलं. वर्तमानपत्रांना ते आवडलं आणि तेच टिकलं.

कागदावरच्या नावातला 'तात्पुरती' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. तात्पुरत्या तुकडीला स्वतःचा ध्वज नसतो, परंपरा नसते आणि वरच्या कचेऱ्यांत तिची बाजू मांडणारं कुणी नसतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ बरंचसं या शब्दात आहे.

अमेरिकेला ब्रह्मदेशात काय पडलं होतं?

चीन. जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारा जमिनीचा शेवटचा रस्ता बंद झाला. चीन युद्धातून बाहेर पडला असता तर तिथे गुंतलेलं जपानी सैन्य मोकळं झालं असतं. म्हणून आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून विमानांनी माल नेणं सुरू झालं. वैमानिक त्या वाटेला 'हंप', म्हणजे उंटाची मदार, म्हणायचे. सोबतच आसामातल्या लेडोपासून नवा रस्ता खोदायला घेतला.

पण उत्तर ब्रह्मदेशात मिचिना नावाचं गाव होतं आणि तिथली धावपट्टी जपानच्या हातात होती. तिथल्या लढाऊ विमानांच्या धाकाने मालवाहू विमानांना आणखी उत्तरेकडून, आणखी उंच डोंगरांवरून जावं लागे. त्यात इंधन जास्त जळे, माल कमी जाई आणि अपघातही जास्त होत. मिचिना घेतलं की हवाई वाट सोपी होणार होती आणि रस्त्यालाही पुढे वाव मिळणार होता. मरॉडर्सची सगळी कहाणी या एका धावपट्टीकडे जाते.

ही माणसं आली कुठून? सक्तीच्या भरतीतली होती का?

अमेरिकेत सप्टेंबर १९४० मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला होता, आणि महायुद्धात गणवेश चढवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक या कायद्याने आलेले होते. मरॉडर्समध्येही असे पुष्कळ होते. पण या कामगिरीसाठी प्रत्येकाने स्वतः हात वर केला होता. ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकच्या परिषदेत रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्यात अशी तुकडी उभारायचं ठरलं, आणि 'धोक्याच्या कामगिरीसाठी' स्वयंसेवक मागवले गेले. कुठे जायचं, काय करायचं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

काही जण खुद्द अमेरिकेतल्या छावण्यांतून आले. काही कॅरिबियन बेटांवरच्या ठाण्यांतून, त्यांना जंगलाची सवय होती. उरलेले पॅसिफिकमधून, ग्वादलकनाल आणि न्यू गिनीच्या बाजूला प्रत्यक्ष लढलेले. या शेवटच्यांपैकी बऱ्याच जणांच्या रक्तात हिवताप आधीच मुरलेला होता. त्यांच्यात एक समज पक्का होता: तीन महिन्यांची मोहीम आहे, मग घरी. वरिष्ठांकडून कानावर आलेलं, लेखी कुठेच नसलेलं. माझ्या मते या पलटणीची शोकांतिका इथेच सुरू होते.

ते मुंबईत कधी उतरले? देवळालीत किती दिवस होते?

'लर्लाइन' हे मुळात हवाईला पर्यटक नेणारं जहाज. सप्टेंबर १९४३ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं, वाटेत न्यू कॅलेडोनिया आणि ऑस्ट्रेलियात थांबून उरलेली माणसं घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदराला लागलं. तिथून सगळे देवळालीला गेले. देवळाली हा ब्रिटिश फौजेचा जुना मुक्कामाचा तळ. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर इथे महिनोन् महिने पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेडसरपणाला 'डूलाली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेला आहे.

मरॉडर्स इथे तीनेक आठवडे होते. मग मध्य हिंदुस्थानातल्या देवगढला गेले (हे झारखंडातलं देवघर नव्हे), आणि खरा सराव तिथे झाला. नदी ओलांडणं, खेचरं लादणं, रात्री न बोलता चालणं, विमानातून टाकलेला माल गोळा करणं. जानेवारी १९४४ अखेर ते रेल्वेने आणि ब्रह्मपुत्रेवरच्या बोटींनी आसामकडे निघाले.

देवळालीत आज त्यांची एखादी खूण आहे का, असंही विचारतात. मला तरी सापडलेली नाही.

चिंदित आणि मरॉडर्स एकच का?

नाही. चिंदित ही ब्रिटिश मेजर जनरल ऑर्ड विंगेट यांची फौज. तिच्यात ब्रिटिशांबरोबर गुरखे आणि आफ्रिकी सैनिकही होते. अमेरिकी तुकडीची कल्पना त्यांच्यावरूनच घेतली होती, सुरुवातीला ती विंगेट यांच्याच हाताखाली जायची होती आणि देवगढला दोघांनी एकत्र सरावही केला. पण या आघाडीवरचे अमेरिकी सेनापती जनरल जोसेफ स्टिलवेल यांनी हट्ट धरला की अमेरिकी माणसं अमेरिकी सेनापतीच्याच हाताखाली लढतील, आणि ती मिळवली. स्टिलवेल यांच्याकडे तोवर तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढला तयार केलेलं चिनी सैन्य होतं. अमेरिकी पायदळ म्हणाल तर ही एकच तुकडी.

या तुकडीची रचना कशी होती?

तीन बटालियन, प्रत्येकीच्या दोन लढाऊ तुकड्या, म्हणजे एकूण सहा. त्यांना नंबर न देता रंगांची नावं दिली होती: लाल, पांढरी, निळी, हिरवी, नारिंगी आणि खाकी. प्रत्येक तुकडी स्वतंत्रपणे चालू, लढू आणि तग धरू शकेल अशी बांधलेली. रायफली, मशिनगन आणि उखळी तोफा होत्या. मोठ्या तोफा नव्हत्या, रणगाडे नव्हते आणि गाड्याही नव्हत्या.

मग सामान कोण वाहायचं?

सुमारे सातशे खेचरं आणि घोडे. उखळी तोफांच्या नळ्या, वायरलेस संच, दारूगोळा, सगळं त्यांच्या पाठीवर. अमेरिकेत तोवर शेतावर ट्रॅक्टर आला होता, शहरी पोरांनी खेचर जवळून पाहिलेलंही नव्हतं. देवगढला त्यांनी खोगीर कसायला, खूर तपासायला आणि लाथ चुकवायला शिकून घेतलं. शत्रू जवळ असताना खेचर ओरडलं तर सगळे मरणार, ही भीती कायमची.

पुढे कुमोन डोंगररांग चढताना ओल्या चिकणमातीवरून घसरून कित्येक जनावरं भारासकट दरीत गेली. मग त्यांचा भार माणसांनी वाहिला.

ते खायचे काय?

के-रेशन, तेच ते. मेण लावलेल्या पुठ्ठ्याचे तीन डबे: सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. सकाळच्यात डबाबंद मांस-अंडं, बिस्किटं आणि कॉफीची पूड. दुपारच्यात चीज आणि लिंबाच्या सरबताची पूड, रात्रीच्यात पुन्हा मांस आणि सूपची वडी. शिवाय सिगारेटी. तिन्ही डबे मिळून २,८०० कॅलरीच्या आसपास. हा शिधा बनवला होता थोड्या दिवसांच्या चकमकींसाठी, आणि मरॉडर्सनी तो महिनोन् महिने खाल्ला, पाठीवर ओझं घेऊन, डोंगर चढत.

विमानं दर चार-पाच दिवसांनी येऊन छत्रीने माल टाकायची. छत्री झाडात अडकली किंवा माल जपान्यांच्या बाजूला पडला, की पुढच्या खेपेपर्यंत उपास. आपल्याकडे महिनाभर एकच भाजी झाली की घरात कुरकुर सुरू होते. चवीचा प्रश्न सोडाच, पण तेच तेच खाऊन भूक मरते, आणि भूक मेली की माणूस आजाराला तोंड देऊ शकत नाही. पुढे झालं ते असंच.

पहिली लढाई कुठे झाली?

फेब्रुवारी १९४४ च्या सुरुवातीला ते लेडोहून पायी निघाले. शंभराहून अधिक मैल नव्या रस्त्याने, बराचसा रात्री, पांगसाऊ खिंड ओलांडून ब्रह्मदेशात. ट्रकने नेता आलं असतं. पण मेरिल यांच्या हाताखालचे कर्नल चार्ल्स हंटर यांनी माणसं चालवलीच, कारण पुढे तेच करायचं होतं. समोर होती जपानची १८ वी डिव्हिजन, सिंगापूर जिंकणारी.

पद्धत अशी: चिनी सैन्य समोरून रेटणार, आणि मरॉडर्स जंगलातून लांबचा वळसा घालून जपान्यांच्या मागे रस्त्यावर बसणार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वालौबुमला हे नेमकं जमलं. जपानी सैन्य मोठ्या प्रमाणात मारलं गेलं, अमेरिकी मृत मोजके. महिन्याच्या शेवटी शादुझुपला पुन्हा तोच डाव खेळला. हे डाव फार हुशारीचे होते, पण ते फक्त चपळ आणि ताज्या माणसांना जमतात. अशा तुकडीला एका जागी बसवून ठेवलं की तिचं बळच संपतं.

न्हपुम गाचा वेढा काय होता?

हेच. डोंगराच्या सोंडेवरची छोटी वस्ती. २८ मार्चला दुसरी बटालियन थकून तिथे पोहोचली आणि जपान्यांनी चारी बाजूंनी घेरलं. जी तुकडी घाव घालून निसटण्यासाठी बांधली होती तिला खंदकात बसून तोफा झेलाव्या लागल्या. पाण्याचा एकच झरा, तोही जपान्यांनी घेतला. मेलेली खेचरं आणि घोडे उन्हात कुजत होते, ती हलवायची सोय नव्हती. सैनिकांनी त्या टेकडीला अळ्यांची टेकडी असं नाव दिलं. पिण्याचं पाणी विमानातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टाकावं लागलं. सोडवायला येणाऱ्या तिसऱ्या बटालियनसाठी दोन डोंगरी तोफा छत्रीने उतरवल्या, आणि मग वाट मोकळी होत गेली. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, वेढा फुटला.

खुद्द मेरिल यांना या वेढ्याच्या सुरुवातीलाच हृदयविकाराचा झटका आला. यानंतर रणात हंटर होते. म्हणूनच मला पलटणीला मेरिल यांचं नाव चिकटलेलं थोडं खुपतं. मेरिल भला माणूस होता, सैनिकांचा लाडका होता, पण रोजचा चिखल तुडवला तो हंटर यांनी.

जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक यात होते, हे खरं का?

खरं आहे. चौदा जण होते, दुभाषे म्हणून. त्यांच्यातल्या कित्येकांची घरची माणसं त्याच वेळी अमेरिकेतल्या काटेरी कुंपणाच्या छावण्यांत होती. फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरं-दुकानं सोडायला लावून डांबलं होतं. त्यात बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक.

त्यातले रॉय मात्सुमोतो. कॅलिफोर्नियात जन्म, काही शिक्षण जपानात. आर्कान्सॉतल्या छावणीत डांबलेले असताना त्यांनी सैन्यात नाव दिलं. त्यांचे आईवडील तेव्हा जपानमध्ये होते. वालौबुमला त्यांनी झाडावर बसून जपान्यांच्या टेलिफोनच्या तारेवरचं बोलणं ऐकलं. न्हपुम गाला रात्री सरपटत ते जपानी खंदकांजवळ जायचे आणि कुजबुज ऐकून परत यायचे. एका रात्री कळलं की पहाटे अमुक कोपऱ्यावर हल्ला होणार. अमेरिकनांनी तो कोपरा रिकामा केला, खंदकांत सुरुंग पेरले आणि वरच्या अंगाला सगळ्या मशिनगन लावल्या. पहिली लाट तिथेच संपली. मागची लाट थबकली, तेव्हा मात्सुमोतो उभे राहून जपानीत ओरडले: 'हल्ला करा!' हुकूम ऐकून तीही पुढे आली.

मशिनगनच्या ओळीत उभं राहून, शत्रूच्या आणि आपल्या आईबापाच्या भाषेत. ते पुढे शंभर वर्षांचे होऊन २०१४ मध्ये गेले. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, पण अजूनही ओरडण्याच्या ओळीपाशी थांबतो.

कृष्णवर्णीय सैनिक होते का?

मरॉडर्समध्ये नाही, कारण अमेरिकी सैन्यात तेव्हा वर्णभेद होता. पलटणी वेगळ्या आणि भोजनगृहंही वेगळी. सैन्यातला हा भेद मोडायचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८ मध्ये काढला आणि प्रत्यक्षात तो कोरियाच्या युद्धात उतरला.

पण मरॉडर्स ज्या रस्त्याने ब्रह्मदेशात गेले तो लेडो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते. सुमारे १५,००० अमेरिकी सैनिक आणि त्यांच्याबरोबर हजारो हिंदी, चिनी आणि स्थानिक मजूर. दरड, मलेरिया आणि अपघातांनी हजारापेक्षा जास्त अमेरिकी माणसं त्या रस्त्यावर गेली. आपल्याकडचे किती मजूर गेले, त्याचा हिशोब कुणी नीट ठेवला नाही. लेडोपासून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत १,०७९ मैल. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजी निघाला आणि ४ फेब्रुवारीला पोहोचला.

काचिन लोकांची भूमिका काय?

त्यांच्याशिवाय हे सगळं जमलंच नसतं. उत्तर ब्रह्मदेशच्या डोंगरातले हे लोक वाटाडे, हेर आणि लढवय्ये म्हणून अमेरिकनांच्या बाजूने होते. मिचिनावर जाताना शेवटच्या टप्प्यात, रात्री, वाट दाखवणाऱ्या काचिन वाटाड्याला विषारी साप चावला. पाय सुजला, चालवेना. त्याच्याशिवाय त्या अंधारात वाट काढणारा दुसरा कुणी नव्हता. दोन अधिकाऱ्यांनी जखमेला चीर देऊन जवळजवळ दोन तास विष ओढून काढलं, मग त्याला हंटर यांच्या घोड्यावर बसवलं, आणि त्याने सगळ्यांना धावपट्टीपाशी नेऊन पोहोचवलं. (साप चावल्यावर असं करू नये, हे आज डॉक्टर सांगतात. सरळ दवाखाना गाठावा.)

मिचिनाची धावपट्टी कशी घेतली?

न्हपुम गानंतर तुकडी अर्धीमुर्धी उरली होती, आणि जे होते त्यांना ताप नाहीतर हगवण होती. तरी एप्रिलच्या अखेरीस चिनी रेजिमेंटांना जोडून त्यांना सहा हजार फुटांहून उंच खिंडीतून कुमोन डोंगररांग ओलांडायला पाठवलं. पाऊस सुरू झाला होता. निघताना सांगितलं गेलं: धावपट्टी घ्या, मग विमानाने बाहेर, विश्रांती. त्या शब्दावर ती माणसं चालली. एका फळीचे प्रमुख कर्नल किनिसन यांना स्क्रब टायफस झाला आणि त्यातच ते गेले.

१७ मे १९४४ ला सकाळी हल्ला झाला. जपानी पूर्ण गाफील. दुपारपर्यंत पट्टी हातात. हंटर यांनी वायरलेसवरून ठरलेला सांकेतिक शब्द पाठवला, 'मर्चंट ऑफ व्हेनिस', म्हणजे मालवाहू विमानं उतरवा. त्या सबंध मोहिमेतला हा सगळ्यात देखणा डाव होता.

पण विमानांतून काय आलं? हंटर यांना हवं होतं अन्न, दारूगोळा आणि ताजं पायदळ. पहिल्या विमानांतून उतरले पट्टी दुरुस्त करणारे इंजिनिअर आणि विमानविरोधी तोफांची माणसं. गाव घ्यायला ताजं पायदळ हाताशी नव्हतं. चिनी तुकड्या गडबडीत एकमेकींवर गोळ्या झाडत बसल्या. जपान्यांना कुमक आणायला वेळ मिळाला. जे गाव तेव्हा थोड्या दिवसांत पडू शकलं असतं, ते पडायला ३ ऑगस्ट उजाडला. भर पावसाळ्यात अडीच महिन्यांचा वेढा. जपानी सेनापती मिझुकामी यांनी उरलेल्यांना निसटू दिलं आणि स्वतः आत्महत्या केली.

मग दिलेल्या शब्दाचं काय झालं?

पाळला गेला नाही. स्टिलवेल यांची बाजू अशी: मी चिन्यांना आणि चिंदितांना लढत राहायला सांगतो आहे, अशा वेळी माझी एकमेव अमेरिकी तुकडी काढून घेतली तर मला तोंड कुठे राहील? हा युक्तिवाद खोटा नाही. पण हिंदुस्थानात ब्रिटिशांची ३६ वी डिव्हिजन होती आणि ती मिचिनासाठी मागितली गेली नाही, हेही तेवढंच खरं आहे.

इकडे माणसं रोज कोसळत होती. आमांश, हिवताप, स्क्रब टायफस. हा शेवटचा आजार गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, विदर्भात पावसाळ्यात अजूनही आढळतो, पण तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. मे अखेरीस दिवसाला ७५ ते १०० माणसं विमानाने आसामच्या दवाखान्यांत जात होती. हगवणीने बेजार सैनिक गोळी झाडता झाडता अडचण नको म्हणून पँटचा मागचा भाग कापून टाकायचे. खंदकात लढता लढता माणसांना झोप लागायची.

जूनच्या सुरुवातीला मूळ तीन हजारांतले दोनशेच्या आसपास मिचिनात उरले होते.

दवाखान्यातल्या आजाऱ्यांना परत लढायला आणलं, हे खरं?

होय. या सगळ्यातली सर्वांत कडू गोष्ट हीच. वरून माणसांसाठी दबाव आला आणि दवाखान्यातल्या, अजून बऱ्या न झालेल्या सैनिकांना 'ठणठणीत' ठरवून विमानात चढवलं गेलं. काही मिचिनाला पोहोचल्या पोहोचल्या तपासून परत पाठवावे लागले. याची सैन्याने चौकशी केली. याच काळात अमेरिकेहून आणलेली, जंगल न पाहिलेली भरतीची माणसं आणि लेडो रस्त्यावरचे इंजिनिअरही लढाईत लोटले गेले. काही जण तिथे पोहोचल्यावर रायफल शिकले.

हंटर यांनी २५ मे रोजी स्टिलवेल यांना लेखी तक्रार दिली: माझ्या माणसांना पदकं नाहीत, बढत्या नाहीत, वागणूक सावत्र, आणि ही तुकडी आता लढण्याजोगी राहिलेली नाही. ऑगस्टमध्ये गाव पडताच हंटर यांची उचलबांगडी झाली आणि त्यांना विमानाने न पाठवता जहाजाने परत पाठवलं. ते घरी पोहोचायच्या आत, १० ऑगस्ट १९४४ रोजी, पलटण विसर्जित झालेली होती.

एवढ्या माणसांच्या बदल्यात काय मिळालं?

हवाई वाट दक्षिणेकडे, कमी उंचीवर आली आणि चीनला जाणारा माल झपाट्याने वाढला. लेडो रस्ता आणि त्याच्या शेजारची तेलाची नळी मिचिनावरून पुढे गेली. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं आणि रस्त्याचा बराच भाग जंगलाने परत घेतला. तो बांधायलाच नको होता, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटतं धावपट्टी घेणं आवश्यक होतं. ती घेतल्यानंतर त्याच माणसांना तिथे कुजवणं आवश्यक नव्हतं.

त्यांना पगार किती मिळायचा?

साध्या शिपायाला महिना ५० डॉलर, परदेशी असल्यास २० टक्के वर. मूळ पगारच त्या वेळच्या भावाने दीडशेहून जास्त रुपये होई. आपल्या शिपायाच्या कितीतरी पट, आणि हिंदुस्थानातल्या बाजारांत अमेरिकी सोल्जरभोवती गर्दी का जमे हे त्यातून कळतं.

घरी गेल्यावर काय?

जर्मनी शरण आल्यावर मे १९४५ पासून गुणांची पद्धत आली. सेवेच्या महिन्याला एक, परदेशातल्या महिन्याला आणखी एक, पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला पाच, मुलामागे बारा. ८५ भरले की सुटका.

आणि होता माजी सैनिकांसाठीचा जी. आय. कायदा. मरॉडर्स मिचिनाच्या चिखलात असतानाच, २२ जून १९४४ ला, रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, वर राहण्याखाण्याचा भत्ता, घरासाठी कर्जाची हमी, नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिक यातून काहीतरी शिकले. शेतमजुरांची पोरं इंजिनिअर झाली. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र हीच कर्जं बँका आणि स्थानिक कचेऱ्या नाकारत राहिल्या.

त्यांना पदकं मिळाली की नाही?

उशिरा. तुकडीला युद्धकाळातच गौरवपत्र मिळालं, १९६६ मध्ये ते राष्ट्राध्यक्षांच्या गौरवपत्रात बदललं, आणि प्रत्येकाला ब्राँझ स्टार देण्यात आला. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्यांच्यातल्या एकालाही मिळालं नाही. अमेरिकी संसदेचं सुवर्णपदक देणारा कायदा ऑक्टोबर २०२० मध्ये झाला आणि सोहळा २५ मे २०२२ रोजी. तोवर तीन हजारांतले दोघे हयात होते.

आजची अमेरिकेची ७५ वी रेंजर रेजिमेंट स्वतःला यांचे वारस मानते. तिच्या बिल्ल्यावर निळा, पांढरा, लाल आणि हिरवा असे चार रंग आहेत, सहापैकी चार तुकड्यांचे. सूर्य आणि तारा आहे, मधून वीज गेलेली. तो सूर्य चीनचा.

माझ्या ओळखीतल्या अमेरिकी कुटुंबातले आजोबा या भागात होते म्हणतात. नोंदी मिळतील का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न बरेचदा येतो. शेजारी, जावई, सून, कुणाच्या तरी माळ्यावर एक ट्रंक असते. सैनिकांच्या सेवेच्या फायली मिसुरी राज्यात सेंट लुईसच्या सरकारी केंद्रात असतात आणि वारस अर्ज करू शकतात. पण १२ जुलै १९७३ रोजी तिथे मोठी आग लागली. १९१२ ते १९५९ या काळात सुटलेल्या भूदल सैनिकांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. कोट्यवधी कागद, ज्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेच नव्हत्या. म्हणून 'फाइल नाही' असं उत्तर आलं तर सोडून देऊ नका. पगाराची बिलं आणि तुकडीचे रोजचे हजेरी अहवाल यांवरून पुष्कळ उभं करता येतं.

आणि ट्रंक आधी उघडा. सुटकेचा कागद असेल तर त्यावर तुकडीचं नाव असतं. फोटोंच्या मागची अक्षरं वाचा. डियोलाली, देवलाली, काहीही लिहिलेलं असू शकतं. तसं सापडलं तर मला जरूर कळवा. कुठल्या बराकीत होते ते शोधायला मी इथे आहे.